अर्थमंत्री मॅडम, बँकेवर निर्बंध आले की ठेवीदाराने महिना कसा काढायचा?

माननीय केंद्रीय अर्थमंत्री मॅडम,
सविनय नमस्कार.

हे पत्र ठेवीदारांसाठी लिहितेय. शेअर बाजारात पैसे लावणाऱ्यांचं नाही हे, त्यांना रिस्क माहीत असते. ज्यांनी रिटायरमेंटची रक्कम घराजवळच्या सहकारी बँकेत एफडी करून ठेवली आणि दर महिन्याच्या व्याजावर घर आणि औषधं चालवतात, त्यांच्याबद्दल बोलायचंय.

२३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि पहिला आदेश असा होता की सहा महिन्यांत मिळून फक्त १००० रुपये काढता येतील. सहा महिन्यांत हजार रुपये! नंतर ओरड झाली तशी मर्यादा वाढत गेली, १० हजार, २५ हजार, ४० हजार, ५० हजार, पण प्रत्येक वेळी लोकांना रस्त्यावर यावं लागलं. बँकेची सत्तर टक्क्यांहून जास्त कर्जं एचडीआयएल या एकाच बिल्डर ग्रुपकडे अडकलेली आणि ती लपवायला २१ हजारांवर डमी खाती, हे सगळं नंतर बाहेर आलं. त्याआधीच्या वार्षिक अहवालात बँक नफ्यात दिसत होती, ढोबळ एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, पावणेचार टक्क्यांच्या आसपास. ऑडिटरला दिसलं नाही, तपासणीला दिसलं नाही, मग पासबुक भरायला येणाऱ्या आजोबांना कुठून दिसणार होतं? तरी शिक्षा सगळ्यात आधी त्यांनाच झाली.

आता त्याच काळातलं दुसरं उदाहरण बघा. आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाल्यानंतर जे काही सुरू झालं त्यात येस बँकही अडचणीत आली, ५ मार्च २०२० ला मोरॅटोरियम (व्यवहारांवर तात्पुरती स्थगिती) लागला, ५० हजारांची मर्यादा आली आणि १८ मार्चला तो उठलासुद्धा, कारण स्टेट बँक आणि बाकीच्या बँकांनी भांडवल घातलं. नोव्हेंबरमध्ये लक्ष्मी विलास बँकेचं डीबीएस बँकेत विलीनीकरण तर दहा दिवसांत झालं. हे केलंत ते चांगलंच केलंत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पीएमसीच्या ठेवीदारांना युनिटी बँकेत विलीनीकरण होईपर्यंत, म्हणजे जानेवारी २०२२ पर्यंत, २८ महिने थांबावं लागलं, आणि ज्यांच्या ठेवी मोठ्या होत्या त्यांची उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने मिळणार असं ठरलं. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षं थांबा म्हणणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पुण्याच्या रुपी बँकेवर तर २०१३ पासून निर्बंध होते, शेवटी २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला, साडेनऊ वर्षं लोक नुसते वाट बघत राहिले.

तुमच्या सरकारने काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. ठेव विमा, म्हणजे बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला मिळणारी हमीची रक्कम, १ लाखावरून ५ लाख झाला, २०२१ ला त्याच्या कायद्यात दुरुस्ती आली आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायची तरतूद झाली, याचा फायदा खूप लोकांना झालाय. पण ९० दिवस म्हणजे तीन महिने, विलीनीकरणाची शक्यता असेल तर ते आणखी ९० दिवस लांबवता येतात, आणि ज्याचं डायलिसिस चालू आहे त्याने तेवढे दिवस काय करायचं? फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींच्या अपहाराचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता, दोन आठवड्यांनी २५ हजारांची मुभा मिळाली. ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, म्हणजे सहा महिन्यांच्या आत सुटका झाली. जमतंय की! मग ते नशिबावर का सोडायचं?

विम्याच्या मर्यादेचं पण बोलायला हवं. १९९३ ला १ लाख झाली आणि २०२० पर्यंत, २७ वर्षं, तशीच राहिली. ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. लोक सांगतात पैसे चार बँकांत वाटून ठेवा, पण ज्यांना एका शाखेत जायलाही रिक्षा लागते त्यांनी चार ठिकाणी केवायसी करत फिरायचं का? आणि हाउसिंग सोसायटीचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे, बघा, त्यात शंभर कुटुंबांचे पैसे असले तरी खातं सोसायटीच्या नावावर म्हणून विमा एकदाच, ५ लाखांचाच. बिल्डिंगची दुरुस्ती तेवढ्यात होत नाही हो.

मर्यादा वाढवायचा विचार चालू आहे असं न्यू इंडियाचं प्रकरण ताजं असताना तुमच्याच खात्याच्या सचिवांनी सांगितलं होतं. तो विचार कुठपर्यंत आला ते लोकांना कळू दे. वाढवाल तेव्हा महागाईप्रमाणे ठरावीक वर्षांनी ती आपोआप वाढेल असं कायद्यातच घाला, नाहीतर पुन्हा पंचवीस वर्षं कोणी बघणार नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या रिटायरमेंटच्या रकमेला आणि सोसायट्यांच्या फंडाला वेगळी, मोठी मर्यादा द्या. त्यासाठी बँकांनी प्रीमियम जास्त भरला तर भरू दे.

आणि सगळ्यात आधी हे करा: निर्बंध जाहीर होतील त्याच दिवसापासून पेन्शन, पगार आणि हॉस्पिटलच्या बिलासाठी पैसे काढता आले पाहिजेत, त्यासाठी अर्ज, मंजुरी, मोर्चा काही लागू नये. खातं कोणाचं, पेन्शन किती येते, हे बँकेच्या कम्प्युटरमध्ये असतंच. पुढच्या अधिवेशनात याबद्दल संसदेत उत्तर द्या, तारखेसकट.

आपली नम्र,
एक ठेवीदार