आईचा पत्रा

सोलापूर

प्रिय गड्या,

तब्येत बरी आहे, गुडघा अधूनमधून बोलतो.

आईच्या ट्रंकेत विडीचा पत्रा सापडला. तेंदूच्या पानावर तो ठेवून ती कात्री फिरवायची. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. तिच्यावर कॉमिक लिहायला बसलो तर चित्रांच्या चौकटी दिसेचनात, नुसतं ऐकू यायला लागलं. कात्री, सुपातली तंबाखू, पलीकडच्या मागांची खटखट. पूर्व भागातला एक पोरगा मागांचे आवाज रेकॉर्ड करून त्यावर कीबोर्ड वाजवतो. तो म्हणतो, तुम्ही वाचा, मी वाजवतो.

पार्क चौकातलं आपलं भांडण आठवतंय? ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ या कॉमिकमधून डेव्हिड लॉइडची चित्रं काढून घेतली तर त्याचा लेखक अ‍ॅलन मूर नुसता बडबड्या, असं तू ठणकावलं होतंस. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आता ऐक. १९९५ साली मूरची आई गेली. तिच्या मागे राहिलेल्या सामानात जन्मताना बाळाच्या तोंडावर येतो तो पातळ पडदा निघाला, जपून ठेवलेला. त्या पडद्याला इंग्रजीत ‘कॉल’ म्हणतात, त्यावरून ‘द बर्थ कॉल’ हे संगीतासह वाचायचं लेखन झालं. १८ नोव्हेंबरला, स्वतःच्या ४२व्या वाढदिवशी, न्यूकॅसलच्या जुन्या कोर्टात त्यानं ते वाचलं. संगीत टिम पर्किन्स आणि बाउहाउस या रॉक बँडच्या डेव्हिड जेचं. त्यात आयुष्य उलटं जातं, मोठेपणापासून पार गर्भापर्यंत, आणि भाषाही बोबडी होत विरघळते. चित्रकार एडी कॅम्पबेलनं त्याचं कॉमिक केलं ते नंतर, १९९९ला.

याच डेव्हिड जेबरोबर मूरनं १९८३मध्ये ‘सिनिस्टर डक्स’ नावानं रेकॉर्ड काढली होती. बदकं किती दुष्ट असतात यावर अख्खं गाणं! कंबर तलावावर बदक बघून माझ्यामागे लपणारा तू, तुझं राष्ट्रगीतच ते.

पण मला घोर वेगळाच लागलाय. आई जन्मभर त्या खटखटीत बसली. विड्या मोजताना कुणी बोललं की चिडायची. तिच्या कष्टांना ताल लावला आणि लोकांनी माना डोलावल्या तर? संगीताशिवाय वाचून पाहिलं, तर घरच उभं राहत नाही. त्या आवाजाशिवाय ती नव्हतीच. बहिणीला विचारलं, ती रडायला लागली. तुला आई ओरडलेली आहे, तिच्या हातची कडक भाकरी तू खाल्लीयेस, म्हणून तुलाच विचारतोय.

वहिनींची बदली रद्द झाली का? धाकटीला बारावीसाठी शुभेच्छा सांग.

गड्ड्याच्या यात्रेला ये. आधी डोळे मिटून ऐक. खटकलं तर तिथंच थांबवू. पटलं तर कॅम्पबेलसारखं मागाहून तू चित्रं काढ. पत्रा तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय, त्याचं माप तुला लागेल.

तुझाच