टाकी उपसू नको, गजू

आर्वी, जि. वर्धा
एप्रिल

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. फिश टँकच्या तळाला काळपट घाण साचली आहे, पाण्याला वास येतो आणि येत्या रविवारी मासे बादलीत काढून टाकी पूर्ण उपसायची, खडी ओट्यावर नेऊन साबणाने चोळून धुवायची असा तुझा बेत आहे. तो बेत आधी मोडून टाक. घाण काढायलाच हवी, पण अशी नाही. तू सांगितलेल्या पद्धतीनेच गावोगावी नव्या टाक्यांतले मासे मरतात आणि लोक म्हणतात, नवं पाणी मानवलं नाही.

खरं कारण खडीत आहे. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. त्यांची विष्ठा आणि उरलेलं खाणं सडलं की तोच अमोनिया तयार होतो. अमोनिया थोडासा असला तरी माशांचे कल्ले जाळतो. टाकीत हळूहळू दोन प्रकारचे जिवाणू वाढतात. एक प्रकार अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की बाहेर जातं. हे जिवाणू पाण्यात फार कमी असतात, ते चिकटून राहतात खडीला, फिल्टरच्या स्पंजाला, काचेला. त्यांची वस्ती पुरती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तू खडी साबणाने धुतलीस तर ही वस्ती एका दिवसात संपेल. टाकी चकाचक दिसेल आणि दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतील. म्हणून घाण तेवढी काढायची आणि खडी जागच्या जागी ठेवायची.

आता माप. तुझी टाकी २ बाय १ बाय १ फुटांची, म्हणजे अंदाजे ६० × ३० × ३० सेंटिमीटर. गुणाकार करून हजाराने भागलं की ५४ लिटर येतात. वरची रिकामी जागा आणि खडीने अडवलेली जागा वजा केली की खरं पाणी ४४ लिटरच्या आसपास. दर आठवड्याला त्यातलं पाव, म्हणजे ११ लिटर बदल. हा आकडा टाकीमागे चिकटवून ठेव, कारण औषध घालायचं झालं तरी ५४ वर नाही, ४४ वरच हिशेब करायचा असतो.

सामान फार लागत नाही. दोन नव्या बादल्या घे, १५ लिटरच्या, एक घाण पाण्याला आणि एक ताज्या पाण्याला. त्या फक्त टाकीसाठीच ठेव. कपड्यांची नको, रंगाची रिकामी नको आणि फवारणीचं औषध कालवलेली तर चुकूनही नको. खडी साफ करायची नळी बाजारात मिळते, पण घरी उत्तम होते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप दोन मीटर घे, आतून १० मिलिमीटरची. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घे, तिचं बूड कापून टाक आणि कापलेली कड घासून गुळगुळीत कर. झाकणाला तापलेल्या खिळ्याने पाईपपेक्षा किंचित लहान भोक पाड. पाईपचं टोक गरम पाण्यात बुडवलं की मऊ होतं, मग ते भोकातून घट्ट बसतं. बाटली अर्ध्या लिटरचीच हवी. एक लिटरची घेतलीस तर तोंड रुंद होतं, पाण्याचा जोर विखुरतो आणि खडी जागची हलत नाही. फार बारीक नळी घेतलीस तर खडीच वर चढते आणि पाईप तुंबतो.

सुरू करण्यापूर्वी फिल्टर, हवेचा पंप, दिवा, सगळ्यांचे प्लग काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओले हात आणि गावातलं अर्थिंग यांचा भरवसा धरू नये. थंडीत हीटर लावत असशील तर प्लग काढल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच पाणी कमी कर. तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते. काचेवरचं शेवाळ आधी खरवडून घे, म्हणजे पडलेला कचरा नंतर नळीतून निघून जातो. जुनं एटीएम कार्ड त्याला उत्तम. स्पंज वापरलास तर त्यात खडीचा कण अडकलेला नाही ना ते बघ, नाहीतर काचेवर कायमचा ओरखडा पडतो.

घाण पाण्याची बादली जमिनीवर, टाकी स्टुलावर. बाटली पाण्यात पूर्ण बुडव, आतली हवा निघू दे, पाईपचं दुसरं टोक बादलीत सोड. बाटलीचं कापलेलं तोंड वरच्या बाजूला करून ती पाण्याने भर, मग पाण्याबाहेर थोडी उचल. पाणी पाईपमध्ये धावलं की तोंड खाली करून लगेच पुन्हा बुडव. एक-दोनदा केलं की धार धरते. तोंडाने ओढू नको, ते पाणी पोटात जाण्यासारखं नसतं.

धार लागली की बाटली सरळ खडीत खुपस, तळाच्या काचेपर्यंत. आत खडी उकळत्या पाण्यातल्या डाळीसारखी खालीवर होऊ लागते. खडी जड म्हणून अर्ध्यावर जाऊन परतते, घाण हलकी म्हणून तपकिरी धुरासारखी वर जाऊन पाईपमध्ये शिरते. हे पाच-सहा सेकंद चालू दे. बाटलीतलं पाणी निवळलं की पाईप बोटांनी दाबून धार थांबव, खडी खाली बसू दे, बाटली उचल आणि शेजारच्या जागी खुपस. धार फार जोरात वाटली तर पाईपला कपड्याचा चिमटा लाव.

असं पंधरा-सोळा ठिकाणी होईतो ११ लिटर भरतातच. म्हणजे एका वेळी खडीचा पाव हिस्सा साफ होतो. ११ लिटर झाले की थांब, उरलेली घाण दिसत असली तरी थांब. टाकीचे मनात चार भाग पाड, दर आठवड्याला एक. महिन्याभरात फेरी पूर्ण होते आणि तीन भागांतले जिवाणू प्रत्येक वेळी शाबूत राहतात. झाडं लावलेली असतील तर त्यांच्या मुळांशी नळी खुपसू नको, वरवर फिरव.

तुझी टाकी मात्र बरेच दिवस तशीच आहे, म्हणून पहिला महिना वेगळा चालव. तळाशी काळे पट्टे असतील आणि ढवळल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तिथे हवा पोचलेली नाही आणि हायड्रोजन सल्फाइड साचला आहे. तो एकदम मोकळा झाला तर मासे गुदमरतात. काळ्या जागी एका दिवशी तळहाताएवढाच भाग घे, काम संपताच हवेचा पंप सुरू कर आणि दोन-तीन दिवसांनी पुढचा भाग घे. पाणीही एकदम ११ लिटर काढू नको. ४ ते ५ लिटर, एक दिवसाआड, दोन आठवडे. मासे हळूहळू बिघडलेल्या पाण्याला सरावलेले असतात, त्यांना अचानक चांगलं पाणीही झेपत नाही. आणि खडीचा थर मोज. दीड-दोन इंच पुरे, एवढ्या टाकीला १० ते १२ किलो होते. थर त्याहून जाड असेल तर घाण तिथेच दबून राहते, जास्तीची खडी थोडी थोडी काढून टाक.

फिल्टरचा स्पंज त्याच दिवशी धुऊ नको, आठवडाभर मागेपुढे कर. धुताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, बस. पिवळट राहिला तरी तो स्वच्छ आहे. नळाखाली धरलास तर क्लोरिनने त्यातले जिवाणू मरतील.

पाण्याबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण तू दर्यापूरकडे, ऐन खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी खारट आणि जड, म्हणजे फार क्षारांचं, ते टाकीला घेऊ नको. शहानूर धरणाचं नळाचं पाणी घे. त्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, म्हणजे क्लोरिन असतो. रुंद तोंडाच्या बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं की तो उडून जातो. हवेच्या पंपाचा दगड त्यात सोडलास तर आणखी लवकर. खात्री करायची असेल तर गावच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं द्रावण असतं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, रंग आला नाही तर पाणी तयार. पावसाळ्यात पावडर जास्त पडते, तेव्हा ही टेस्ट चुकवू नको. घाईच असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरिन मारणारे हायपोचे थेंब मिळतात, बाटलीवरच्या मापाने घाल. थंड पाण्याच्या जारचं आरओ पाणी एकटं भरू नको. त्यात क्षार जवळपास नसतात, माशांना ते सोसत नाही आणि पाण्याचा सामू (पीएच) डळमळतो. पोट्ट्यांनी आणलेले गप्पी आणि मॉली जड पाण्यातले मासे आहेत, चांगले निवडले गेले. टेट्रा हे हलक्या पाण्यातले मासे, ते आणायचा विचार असेल तर तुमच्याकडे नको.

नळ आला नाही आणि पाणी बदलणं एक आठवडा पुढे गेलं तर चालतं. त्यासाठी बोअरचं ओतू नको. एका आठवड्यात शहानूर, दुसऱ्यात बोअर, ही उलटापालट माशांना एका सलग खारट पाण्यापेक्षा जास्त बाधते.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड असते. कुलरच्या खोलीत पाणी झपाट्याने उडतं. तुझ्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी उतरली म्हणजे १.८ लिटर गेले. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार आणि नायट्रेट तिथेच राहतात. वरून भर घालत राहिलास आणि काढलं काहीच नाहीस तर पाणी दर आठवड्याला जास्त जड होत जातं. भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, दोन्ही करावं लागतं.

मे महिन्यात ११ लिटर एकदम बदलण्याऐवजी आठवड्यातून दोनदा साडेपाच-सहा लिटर बदल, तेही सकाळी. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. आदल्या दिवशी घरात भरून ठेवलेलं पाणी आपोआप टाकीच्या जवळपासच्या तापमानावर येतं. तरी थर्मामीटर बुडवून बघ, फरक दोन अंशांपेक्षा जास्त नको. ओतताना टाकीत बशी ठेव आणि मगाने तिच्यावर हळू सोड, नाहीतर खडीत खड्डा पडतो आणि उरलेली घाण सगळीकडे उठते.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यातच आपल्याकडचं बोअरचं आणि बऱ्याच नळांचं पाणी अल्कधर्मी, वर उष्णता, त्यामुळे अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून उन्हाळ्यात खाणं अर्धं कर. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. खडीतली बरीचशी घाण तर उरलेल्या खाण्याचीच असते. लाइट चार-पाच तास गेली तर फिल्टरच्या आत प्राणवायू संपून जिवाणू मरतात, तेव्हा पुन्हा सुरू करण्याआधी स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून घे. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घेऊन ठेवलास तर चिंता नाही.

आणि हे मनावर घे, गजू. वावरातून फवारणी करून आल्यावर टाकीत हात घालू नको, आंघोळीनंतरही त्या दिवशी नको. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना फार कमी मात्रेतही मारतात. डासांच्या लिक्विडमध्येही बहुतेक त्याच गटातलं औषध असतं आणि हवेचा पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात सोडतो. ती मशीन त्या खोलीत लावू नको. गावात धुराची फवारणी आली तर टाकीवर प्लास्टिक अंथर, पंप तासभर बंद ठेव, मग प्लास्टिक काढ आणि पंप सुरू कर.

पाणी बदलल्यावर थोडं गढूळ दिसलं तर दोन-तीन तासांत बसतं. दुधाळ झालं आणि तसंच राहिलं तर जिवाणूंची गडबड आहे, खाणं बंद ठेव, दोन-चार दिवसांत निवळतं. ते बघून पुन्हा सगळं पाणी काढण्याचा मोह होईल, तो टाळ. ताजं पाणी घातल्याबरोबर मासे वर धावले तर क्लोरिन किंवा तापमान चुकलं. लगेच हवेचा पंप पूर्ण सोड आणि हायपो घाल.

दुकानदाराने टँक क्लीनर म्हणून सकर मासा दिला असेल तर त्याच्याकडून खडीची आशा ठेवू नको. तो काचेवरचं शेवाळ खातो, खडीतली घाण खात नाही, उलट स्वतः भरपूर घाण करतो आणि फूटभर वाढतो. दोन फुटांच्या टाकीत त्याला जागा नाही, परत करून ये. नाल्यात किंवा विहिरीत मात्र सोडू नको.

काढलेलं पाणी वहिनींच्या वांग्यांना आणि जास्वंदीला घाल, त्यातल्या नायट्रेटवर झाडं तरारतात. टाकीत मीठ घातलेलं असेल तेव्हा तेवढं मोरीत ओत.

रविवारी फक्त ५ लिटर काढ आणि डाव्या कोपऱ्यातला तळहाताएवढा भाग साफ कर. काळा थर किती खोल निघाला, वास कसा होता आणि टाकीत एकूण मासे किती ते लिहून पाठव. मासे जास्त असतील तर आठवड्याचा ११ लिटरचा आकडा बदलावा लागेल. आईंना नमस्कार सांग, पोट्ट्यांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता