थांबलेल्या स्कूल बसच्या पुढे गाडी काढणं गुन्हा ठरवा : परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार साहेब,

सरळ मुद्द्यावर येते. मुलं चढत-उतरत असताना थांबलेल्या स्कूल बसच्या पुढे गाडी काढणं हा आपल्या राज्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेला, वेगळा दंड असलेला गुन्हा झाला पाहिजे. बसच्या मागची गाडी थांबली पाहिजे, आणि रस्त्याला दुभाजक नसेल तर समोरून येणारी पण. मागणी एवढीच आहे, पण ती का करतेय ते जरा सविस्तर सांगते, कृपा करून पूर्ण वाचा.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहते, दोन मुलं आहेत, दोघंही स्कूल बसने जातात. आमच्या सोसायटीबाहेरचा रस्ता बिना दुभाजकाचा, एका बाजूला कायम गाड्या पार्क केलेल्या, आणि सकाळी सव्वासात-साडेसातला हिंजवडीकडे जाणारी अख्खी गर्दी ह्याच रस्त्याने शॉर्टकट मारते. बसला कडेला लागायला जागाच नसते, त्यामुळे ती रस्त्यातच उभी राहते, दार डावीकडे उघडतं आणि दार नि पार्क केलेल्या गाड्या यांच्यामध्ये जो चार-पाच फुटांचा बोळ उरतो त्यातून टू-व्हीलरवाले घुसतात. ओव्हरटेक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर उजवी बाजू येते, पण आमच्याकडे डावी बाजू जास्त धोक्याची आहे, नेमकी जिथे पोरगं पायरीवरून पाय खाली ठेवतं ती. बसमधल्या मावशी आधी स्वतः उतरतात, एक हात आडवा करून उभ्या राहतात आणि दुसऱ्या हाताने एकेका छोट्या मुलाचं दप्तर मागून धरून ठेवतात. दप्तरच का, तर पोरं हात हिसडून पळतात, दप्तर दोन्ही खांद्यात अडकलेलं असतं म्हणून ते सुटत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं. त्या आडव्या हाताला वळसा घालून लोक निघून जातात साहेब, आणि वर हॉर्न पण मारतात.

उजव्या बाजूची गोष्ट वेगळी. समोरच्या सोसायटीतली मुलं दुपारी उतरली की त्यांना बसच्या पुढून रस्ता क्रॉस करावा लागतो. सीनियर केजीतलं पोर बसच्या अगदी पुढ्यात असेल तर ड्रायव्हरकाकांनाच ते नीट दिसत नाही, मग मागून येऊन बसच्या बाजूने सुसाट पुढे जाणाऱ्याला कुठून दिसणार, त्याला ते पोर दिसतं तेव्हा ते ऑलरेडी त्याच्या गाडीसमोर आलेलं असतं. ब्रेक मारायला जागाच उरलेली नसते. जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा तर पाऊस, रेनकोटची टोपी डोळ्यांवर आलेली, मुलाला बाजूचं काही दिसत नाही आणि गाडीवाल्याच्या काचेवर पाणी.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण जे वाचलं ते लिहिते. स्कूल बसबद्दल आपल्याकडे नियम कमी आहेत असं अजिबात नाही. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच दिल्लीच्या एका प्रकरणात स्कूल बससाठी निर्देश दिले होते, अनुभवी ड्रायव्हर, स्पीड गव्हर्नर (म्हणजे वेग ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र) वगैरे. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले, बसचा पिवळा रंग, अटेंडंट, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं यंत्र, प्रत्येक शाळेत परिवहन समिती, सगळं त्यात आहे. २०२५ मध्ये तुमच्याच खात्याने अजून नवीन नियमावली आणायचं जाहीर केलं, त्यात सीसीटीव्ही, जीपीएस, पॅनिक बटण यांची चर्चा झाली. पालक म्हणून आम्हाला हे सगळं हवंच आहे. पण एक गोष्ट बघा, ह्या सगळ्या नियमांचं तोंड बसच्या आतल्या लोकांकडे आहे. ड्रायव्हरने काय करायचं, मावशींनी काय करायचं, शाळेने काय करायचं. बसच्या बाहेर जे शेकडो लोक त्याच वेळी तोच रस्ता वापरतायत त्यांनी काय करायचं याबद्दल त्यात काहीच नाही. बसमध्ये चार कॅमेरे लावले तरी बसच्या दारासमोरून जाणारी बाईक त्याने थांबत नाही.

गडकरी साहेबांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की २०२४ मध्ये देशात १ लाख ८० हजार लोक रस्ते अपघातांत गेले, आणि त्यातली जवळपास १० हजार मुलं शाळा-कॉलेजांसारख्या ठिकाणांच्या येण्याजाण्याच्या जागी नीट व्यवस्था नव्हती म्हणून गेली. केंद्रीय मंत्र्यांनी स्वतः दिलेला आकडा आहे हा. एका वर्षातला. मी हे वाचलं तेव्हा मला मुलांना बसमध्ये बसवून परत घरात यायला नको वाटायला लागलं होतं.

काही नवीन बसला उजव्या बाजूला एक लाल अष्टकोनी पाटी असते, तिच्यावर इंग्रजीत स्टॉप लिहिलेलं असतं. बस थांबली की ती बाहेर उघडायची अशी सोय असते. आमच्या बसला पण आहे. ड्रायव्हरकाका ती उघडत नाहीत, एकदा विचारलं तर म्हणाले, उघडून काय करू ताई, कोणी थांबत नाही, उलट कोणीतरी धडकून तोडून जाईल आणि भरपाई माझ्या पगारातून जाईल. त्यांचं चुकीचं आहे असं मी म्हणू शकत नाही. त्या पाटीचा अर्थ काय हे लायसन्स देताना कोणी विचारत नाही, ती न मानल्याबद्दल कोणाला चलान गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि इथेच मला रस्ता सापडतो असं वाटतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे ना, धोकादायक ड्रायव्हिंगचं, त्यात २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलंय की सिग्नल तोडणं, स्टॉप साइन न मानणं, बेकायदा ओव्हरटेक करणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही, तीन वर्षांत परत केलं तर १०,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे शिक्षा तयार आहे, फक्त बसवरची ती उघडलेली पाटी आणि वरचे लुकलुकणारे लाइट हे कायद्याच्या नजरेत स्टॉप साइन आहेत एवढं कोणीतरी लेखी म्हणायला पाहिजे. तुमचे अधिकारी कदाचित सांगतील की गाडी कशी चालवायची त्याचे नियम केंद्र करतं, कलम ११८ खाली, २०१७ चे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स केंद्राचेच आहेत. बरोबर आहे. मग केंद्राला पत्र लिहा, पाठपुरावा करा, पण तोपर्यंत कलम ११५ आणि ११६ ने राज्याला वाहतुकीवर बंधनं घालायचे आणि चिन्हं लावायचे जे अधिकार दिलेत ते वापरा ना. जिथे स्कूल बस रोज थांबते तिथे सकाळ-दुपारच्या ठरलेल्या वेळेत बस थांबलेली असताना ओव्हरटेक बंद, असा आदेश काढता येणार नाही का? आणि दंड कमी वाटत असेल तर कलम २१०अ आहे, राज्य सरकारला दंड दहापटीपर्यंत वाढवता येतो.

माझी नणंद न्यू जर्सीत एडिसनला असते, तिथे आपले मराठी लोक भरपूर आहेत. तिने गाडी चालवायला शिकताना हा नियम पाठ केला होता. स्कूल बसचे लाल लाइट लागले की किमान २५ फूट लांब थांबायचं, मागून येणाऱ्याने पण आणि समोरून येणाऱ्याने पण, रस्त्याला दुभाजक असेल तर समोरच्या बाजूने वेग ताशी १० मैलांवर आणायचा. चुकलं तर लायसन्सवर दंडाचे ५ पॉइंट, कमीत कमी १०० डॉलर दंड, शिवाय १५ दिवसांपर्यंत जेल किंवा तेवढे दिवस समाजसेवा. लाल लाइटच्या आधी पिवळे लाइट लागतात, म्हणजे मागच्याला कळतं की बस आता थांबणार आहे, करकचून ब्रेक मारायची वेळ येत नाही.

तिथे सगळं छान चाललंय असंही मला म्हणायचं नाही. अमेरिकेत बस ड्रायव्हरांकडून एक दिवसाची मोजणी करून घेतात आणि त्यावरून वर्षाचा अंदाज काढतात, तो अंदाज गेली काही वर्षं चार कोटींच्या आसपास आहे, म्हणजे चार कोटी वेळा कोणीतरी थांबलेल्या बसच्या पुढे गेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडियाना राज्यात रोचेस्टर नावाच्या गावाजवळ पहाटेच्या अंधारात बस पकडायला हायवे क्रॉस करणारी तीन भावंडं एका पिकअपखाली गेली, बसचे लाइट लागलेले होते, पाटी उघडलेली होती. पण त्यानंतर तिथे काय केलं गेलं ते बघा. शाळांच्या प्रशासनाने तो थांबाच हायवेवरून हलवून वस्तीच्या आत नेला, आणि राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलला, शिक्षा वाढवली, आणि दुसरा काही सुरक्षित मार्ग असेल तर मुलाला हायवे क्रॉस करायला लावणारा थांबा ठेवायचाच नाही असं ठरवलं. न्यूयॉर्कने त्याच वर्षी बसच्या बाहेरच्या बाजूला कॅमेरा लावून पुढे जाणाऱ्या गाडीचा नंबर टिपायला परवानगी दिली.

यातलं थांब्याचं काम तर आपल्याकडे उद्यापासून होऊ शकतं, त्याला नवीन कायदा पण नको. २०११ च्या नियमांतली शालेय परिवहन समिती आहे, तिच्यात मुख्याध्यापक, पालक, ट्रॅफिक पोलीस, आरटीओचे लोक सगळे येतात. कितीतरी शाळांत ही समिती कागदावर आहे, पालकांना माहीत पण नसतं की तिच्यात कोण आहे. ह्या समितीला एकच काम द्या, प्रत्येक थांबा प्रत्यक्ष जाऊन बघायचा आणि मूल ज्या बाजूला राहतं त्याच बाजूला त्याला उतरवायचं, बसला एक फेरा जास्त पडला तरी चालेल. डिझेलचे पैसे आम्ही पालक देऊ, त्यावर कोणी भांडणार नाही. आणि थांब्याच्या जागी बसच्या लांबीएवढं नो पार्किंग, म्हणजे बस कडेला लागेल आणि तो डावीकडचा बोळच राहणार नाही.

ट्रॅफिक जाम होईल, असं सगळे म्हणतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण हाच वाद झाला. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे हो, फार तर एक मिनिट. रेल्वे फाटकाला आपण थांबतो, मिरवणुकीला तर तासभर थांबतो, कोणाची नोकरी जात नाही. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यावर समोरच्या बाजूला सूट द्या, तिथे थांबवायची गरज नाही. राहता राहिला अंमलबजावणीचा प्रश्न, तर प्रत्येक थांब्यावर पोलीस उभा करा असं कोणीच म्हणत नाहीये. कॅमेऱ्यावरून चलान पाठवायची पद्धत कायद्यात आहे, कलम १३६अ मध्ये. बसमध्ये सीसीटीव्ही सक्तीचा करणारच असाल तर त्यातले दोन कॅमेरे बाहेर तोंड करून लावा, एक दाराकडे आणि एक उजव्या बाजूने मागे. फुटेज थेट ट्रॅफिक पोलिसांकडे गेलं पाहिजे, ड्रायव्हरकाकांना तक्रारदार करू नका, नाहीतर त्याच रस्त्यावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांची गचांडी धरेल.

आणि हे नियम मोडणारे कोण तर आपणच, हे पण लिहायलाच पाहिजे. स्वतःच्या मुलाला पुढे उभं करून, शाळेला उशीर होतोय म्हणून दुसऱ्यांच्या मुलांच्या बसला डावीकडून कट मारणारे आईवडील मी रोज बघते. त्यांना वाईट लोक म्हणता येत नाही, त्यांना हे चूक आहे असं आजवर कोणी सांगितलेलंच नाही. म्हणून लर्निंग लायसन्सच्या टेस्टमध्ये ह्यावर एक सक्तीचा प्रश्न टाका, तो चुकला तर नापास. शाळा सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे रेडिओवर, एसटी स्टँडवर, पेट्रोल पंपावर जाहिरात करा, मराठीत, साध्या भाषेत.

जी मुलं व्हॅनने आणि रिक्षाने जातात, आणि छोट्या शहरांत तर तीच जास्त, त्यांनाही हेच संरक्षण मिळालं पाहिजे. व्हॅनच्या टपावर लाइट बसवायला काही फार खर्च येत नाही.

साहेब, पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आत निदान मोठ्या महापालिकांच्या हद्दीत ओव्हरटेक बंदीचा असा आदेश निघू शकतो का, आणि निघणार नसेल तर नेमकं काय अडतंय, एवढं तुमच्या खात्याने जाहीरपणे सांगावं. नवीन नियमावलीवर हरकती-सूचना मागवाल तेव्हा हेच पत्र माझी सूचना म्हणून धरा, मी पालकांच्या सह्यांसकट परत पाठवेनच.

आपली,
एक पालक, पिंपरी-चिंचवड