सोनोग्राफीच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

लेकीचं पोट फुगलेलं, दुखणं थांबेना, वर उलट्या. आधी जिथे दाखवलं तिथे गॅसची आणि जंतांची औषधं मिळाली. तुमच्याकडे तर आम्ही फक्त पोटाच्या सोनोग्राफीला आलो होतो. पण तिच्या पोटावरचा जुना छोटा व्रण बघून तुमचा हात आधी तिच्या कानामागे गेला. मानेवरून खाली उतरलेली नळी चाचपत तुम्ही विचारलंत, "शंट कधी बसवला?" त्या प्रश्नासाठी हे पत्र.

हायड्रोसेफॅलसमुळे, म्हणजे मेंदूत पाणी साठत असल्यामुळे, ती तान्ही असतानाच व्ही.पी. शंट, म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंतची नळी, बसवला होता. मेंदूतलं पाणी नळीतून पोटात उतरतं आणि तिथलं अस्तर ते शोषून घेतं, एवढं आम्हाला माहीत होतं. पोटाने ते शोषायचं थांबवलं तर काय होतं, हे तुम्ही स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवलंत: पाण्याची मोठी काळी पिशवी आणि तिच्यात नळीचं टोक. स्यूडोसिस्ट. ताप नसला तरी यामागे अनेकदा छुपं इन्फेक्शन असतं आणि खाली तुंबलं की डोक्यातला दाब वाढतो, म्हणून या उलट्या पोटाच्याच आहेत असं धरून बसू नका, असं तुम्ही बजावलंत. रिपोर्ट हातात देऊन मोकळ्या झाला असतात तरी कुणी बोल लावला नसता. तुम्ही स्वतः न्यूरोसर्जनना फोन केलात.

तिथे नळीचं खालचं टोक बाहेर काढून शरीराबाहेरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीला जोडलं, शिरेतून अँटिबायोटिक्स दिली. पाण्याचे रिपोर्ट स्वच्छ आल्यावर पोटातच दुसऱ्या जागी नवी नळी घातली. पोटाने पुन्हा नाकारलं तर ती हृदयाच्या कप्प्यात सोडता येते, असं सर्जन म्हणाले. सध्या पोट साथ देतंय.

निघताना तुम्ही आणखी एक सांगितलंत, ते शंट असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी पोचावं असं मला फार वाटतं. क्वचित नळी आतड्याला भोक पाडून शौचाच्या जागेतून बाहेर दिसते. ती ओढायची नाही, कापायची नाही, थेट न्यूरोसर्जनकडे जायचं. आणि पोटाचं कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी अपेंडिक्सचं असलं तरी, शंट आहे हे आधी सांगायचं.

लेक शाळेत जायला लागली आहे. तुमची चिठ्ठी मी वर्गशिक्षिकेकडे दिली आहे: पोट दुखलं, उलटी झाली तर आधी आईला फोन.

तुमची ऋणी,
तिची आई