दोन विद्यापीठं आणि जिन्याच्या पायऱ्या : मॅडमना आभाराचं पत्र

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

आर्किटेक्चरच्या प्रवेशाची गडबड सुरू झाली की दादरपासून डोंबिवलीपर्यंतचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज घ्यावं की अभिमत विद्यापीठ, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेली, स्वतःच पदवी देणारी संस्था? त्यावर 'दोन्ही चांगली आहेत' यापेक्षा कामाचं काही सांगता येतं ते तुमच्यामुळे. कॉलेज कसं निवडावं यावरच्या तुमच्या टिपणांच्या झेरॉक्स आता इतक्या हातांतून फिरतात, की त्या मुळात कुणी लिहिल्या हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. म्हणून हे आभार जाहीरपणे.

वास्तुकला परिषदेची (काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची) यादी तुम्ही सगळ्यात वर ठेवलीत, ते फार बरं झालं. संस्थेचं नाव, त्या वर्षाची मान्यता आणि मंजूर जागा, तिन्ही परिषदेच्या संकेतस्थळावर आधी बघायचं. विद्यापीठाचा विचार नंतर. १९७२ च्या कायद्याप्रमाणे परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय नावाला आर्किटेक्ट लावता येत नाही, आणि मान्यताप्राप्त पदवीशिवाय नोंदणी होत नाही. कुणी एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेचं) पत्र पुढे करून 'सगळं रीतसर आहे' म्हणालं, तर कोल्हापूरच्या कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये दिलेला निकाल तुम्ही नोंदवून ठेवलाय: वास्तुकलेच्या शिक्षणाच्या निकषांत दोघांचं जुळत नसेल तिथे वास्तुकला परिषदेचे नियम चालतात. इंटिरियरची पदवी ही आर्किटेक्चरची नव्हे, हे वाक्य तुम्ही दोनदा अधोरेखित केलंय. ते तसंच राहू द्या.

विद्यापीठामुळे नेमका कशात फरक पडतो, हेही तुम्ही थोडक्यात उरकलंत. स्वायत्त नसलेल्या संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची. बदल संथ, पण कॉलेजच्या मर्जीला लगाम. अभिमत विद्यापीठ अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं. नवा विषय लवकर आणता येतो, मात्र शिकवणारे आणि मार्क देणारे एकाच छपराखाली. तेव्हा शेवटच्या ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांचं डिझाइन तपासायला, बाहेरून कोण आलं होतं, हे विचारायचं. मोघम नाही, नावानिशी.

'अभिमत म्हणजे खाजगी आणि महाग' हे समीकरणही तुम्ही मोडलंत. १८५७ पासूनची आपली जे.जे., तिची कला, वास्तुकला आणि डिझाइनची महाविद्यालयं मिळून २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, आणि ती सरकारी आहे. खाजगीचं गणित वेगळं. खाजगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. शिवाय कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४ च्या निर्णयानं शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. खाजगी अभिमत विद्यापीठं तीत येत नाहीत. त्यामुळे एका वर्षाची फी बघून ठरवू नये. पाच वर्षांची फी, त्यात प्लॉटिंग, मॉडेलचं सामान, लॅपटॉप, स्टडी टूर, आणि मग वजा मिळू शकणारी सवलत. हा कागद बापानं नव्हे, मुलानं मांडावा, असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे.

पण खरे आभार स्टुडिओबद्दल. ओपन हाउसच्या दिवशी कॉलेज लग्नाच्या हॉलसारखं नटलेलं असतं, तेव्हा जाऊ नका. साध्या बुधवारी दुपारी चारला जा. भिंतीवरच्या चकचकीत रेंडरपुढे (संगणकावर केलेल्या चित्रांपुढे) रेंगाळू नका, तिसऱ्या वर्षाची एक शीट (ड्रॉइंगचा कागद) मागा आणि जिना मोजा. मजल्याची उंची ३ मीटर, रायझर (पायरीची उभी बाजू) १५० मिमी, म्हणजे सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) २० रायझर. मधे लँडिंग घेऊन वळणारा दोन समान फ्लाइटचा (टप्प्यांचा) जिना असेल तर प्रत्येक फ्लाइटमध्ये १० रायझर आणि ९ ट्रेड (पाय ठेवायच्या आडव्या पायऱ्या), कारण दहावा रायझर चढला की पाय लँडिंगवर किंवा वरच्या स्लॅबवर पडतो. म्हणजे प्लॅनमध्ये १८ ट्रेड दिसायला हवेत. २० दिसले तर मुलाचं चुकलं, त्याचं काही नाही, शिकताना चुकणारच. पण त्या शीटवर लाल पेन कुठेच नसेल, तर ती कुणी नीट बघितलेली नाही. आर्किटेक्ट नसलेल्या आईवडिलांनाही दोन मिनिटांत करता येईल अशी दुसरी चाचणी आमच्या माहितीत नाही.

लाल पेन का नाही, याचं कारण बहुधा वेळापत्रकात सापडतं. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे परिषदेचं प्रमाण कागदावर सगळेच पाळतात. विचारायचं ते असं: चाळीसच्या वर्गात डिझाइनच्या तासाला एकाच वेळी किती शिक्षक उभे असतात? व्हिजिटिंगला येणारे आर्किटेक्ट साइटवरचं जे सांगतात ते कायमस्वरूपी शिक्षकांना जमतंच असं नाही, पण साइट अडली की तेच आधी रजा टाकतात.

मग वर्कशॉप. ६० मीटर लांबीचा प्लॉट १:१०० ला ६०० मिमीचा बेस होतो, आणि विरार-बदलापूरच्या मुलानं तो सकाळच्या गर्दीत आणायचा कसा? म्हणून मॉडेल रात्री कॉलेजात ठेवता येतं का आणि स्टुडिओ किती वाजता बंद होतो, हे तुमच्या यादीत आलं. नसेल सोय, तर बेस दोन तुकड्यांत करून कॉलेजात जोडायचा आणि लगेजच्या डब्यातून यायचं. जुलैत माउंटबोर्डला एका बाजूनं पांढरा गोंद थापला की बोर्ड ओल धरून वाकतं आणि दमट हवेत सकाळपर्यंत वाळत नाही; गोंद फक्त कडांना, पातळ, वर वजन. ॲक्रिलिकला फेविक्विक लावलं की आजूबाजूला पांढरी वाफ धरते. अशा गोष्टी सांगणारा मिस्त्री ज्या वर्कशॉपमध्ये दिवसभर असतो, तिथल्या लेझर कटरचं मॉडेल कोणतं हे विचारायची गरज नाही.

कॅपच्या पसंतीक्रमाबद्दलची तुमची ओळ आम्ही शब्दशः वापरतो: मार्कांचा अंदाज बांधून नव्हे, मनातल्या क्रमानं भरा. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा तिथेच पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत सुधारणा नाही. 'भरून ठेवू, मग बघू' म्हणणारे इथेच अडकतात.

एक भर घातली आहे, ती तपासून द्याल का? चौथ्या-पाचव्या वर्षात खऱ्या प्लॉटवर एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात किती बांधता येतं ते) काढायला लावतात का, हे विचारावं असं आम्ही लिहिलंय. त्यासाठीची बांधकाम नियमावली मुंबईत डीसीपीआर २०३४, ठाणे-कल्याणकडे २०२० ची यूडीसीपीआर. आणि प्रॅक्टिकल ट्रेनिंगच्या सत्रात मागच्या बॅचची मुलं कुठल्या ऑफिसांत गेली, मानधन मिळालं की नाही, तेही त्याच पानावर घेतलंय. लाल पेन जरूर चालवा.

आपले नम्र,
मुंबईतले काही आर्किटेक्ट आणि शिक्षक