दादा, टेप आमच्याकडेच राहिली

दादा,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे जाहीर पत्र. आता उडवा.

मार्चमध्ये तुम्हाला फोन केला तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. घरचा यामाहा पीएसआर-एसएक्स७०० अरेंजर कीबोर्ड (डाव्या हातानं कॉर्ड धरली की ठेका आणि साथ आपोआप वाजवणारा) एक्स्चेंजमध्ये द्यायचा आणि वर पैसे घालून कोर्ग पीए७०० आणायचा. दुकानदारानं चिठ्ठीवर हिशेबसुद्धा मांडून दिला होता, "जुन्याचे भाव रोज पडतायत, आजच द्या" या घाईसकट. मला तुमच्याकडून फक्त होकार हवा होता. तुम्ही विचारलंत, "तुझे ठेके कुठे आहेत?"

माझ्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. शाळा, स्वयंपाक, वह्या तपासणं, सगळं उरकून रात्री अकरानंतर हेडफोन लावून मी चार वर्षं यामाहाच्या स्टाइल क्रिएटरमध्ये, म्हणजे स्वतःचे ठेके बनवायच्या सोयीत, भजनी ठेका, धुमाळी, दादरा, एक अर्धवट लावणी असं काय काय जमवलं होतं. यामाहाच्या स्टाइल फायली, म्हणजे हे ठेके, कोर्गमध्ये जशाच्या तशा उघडत नाहीत, हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. यामाहा गेला असता, तर पेनड्राइव्हवर ठेके राहिले असते आणि ते वाजवायला घरात काही नसतं. "जुना ठेव, दुसरा जोडीला घे," असं तुम्ही म्हणालात आणि रविवारी घरीच आलात. रिक्षातून, स्वतःचा पीए७०० चादरीत गुंडाळून!

त्या रविवारी तुम्ही आधी कोर्ग काढलाच नाहीत. म्हणालात, "तुझी धुमाळी लाव." मी डाव्या हातानं सी कॉर्ड धरली, मग एफवर गेले आणि तुम्ही हात वर केलात. "तानपुरा कॉर्डच्या मागे पळतोय बघ." खरंच पळत होता. मी तो पॅडच्या, म्हणजे मागे लांब धरलेल्या सुरांच्या, ट्रॅकवर भरला होता आणि कॉर्ड बदलली की षड्जच जागा सोडत होता. इतके महिने मला वाटत होतं, माझंच कॉर्डचं ज्ञान कच्चं आहे. कॉर्ड बदलली की ट्रॅकचे सूर कसे हलायचे हे ठरवणाऱ्या दोन सेटिंग्ज तुम्ही बदलल्यात, एनटीआर 'रूट फिक्स्ड' केलंत, एनटीटी 'बायपास' केलंत आणि तानपुरा जागेवर बसला. आता डाव्या हातानं काहीही करा, सा तो साच. ट्रान्सपोज केला, म्हणजे अख्ख्या कीबोर्डची पट्टी बदलली, तर मात्र गाणाऱ्याबरोबर सरकतो, आणि तेच तर हवं होतं. कीबोर्ड बदलायची माझी निम्मी खाज तिथेच भागली, हे तेव्हा कबूल केलं नाही, आज करते.

मग मी यामाहाच्याच एसएक्स९०० चं नाव काढलं. तुम्ही हसलात. दोन्ही २०१९ चे सख्खे भाऊ. थोरल्याकडे, म्हणजे ९०० कडे, वाद्यांचे आवाज जास्त, बाहेरचे आवाज भरायला ४०० एमबीऐवजी १ जीबी जागा, कॉर्डची मालिका परत परत वाजवणारा कॉर्ड लूपर. "पण बोलणार एकाच आवाजात. दुसरा आणायचा तर वेगळ्या घरातला आण." मला पटलं. ज्याच्याकडे एकही नाही त्यानं खुशाल थोरला घ्यावा.

नंतरची परीक्षा सासूबाईंची. त्या स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या. तुम्ही पेटीच्या आवाजात एकच ओळ आधी यामाहावर, मग कोर्गवर वाजवलीत, तीही कीबोर्डच्याच स्पीकरवर आणि शेजारी झोपलेत असं धरून बेतानं. दुकानात मोठ्या स्पीकरवर सगळंच गोड लागतं, हे तुमचं म्हणणं. आतून आवाज आला, "दुसऱ्या पेटीत वारा आहे." संपला निकाल. तारसनाई (गजानं वाजवायचं तारवाद्य) मात्र त्यांना आजही यामाहाचीच आवडते, त्यात त्या तडजोड करत नाहीत.

आणि तो वर्तमानपत्राचा प्रकार! मी दोन्ही कीबोर्डांसाठी दुमजली स्टँड बघून ठेवला होता. तुम्ही टेपनं मोजून वर्तमानपत्रं चिकटवून कीबोर्डांच्या मापाच्या, मीटरभर लांबीच्या दोन पट्ट्या कापल्यात आणि एक दुसरीच्या वर धरून दाखवलीत. खालच्याचा स्क्रीन झाकला जात होता आणि व्हेरिएशनची, म्हणजे ठेक्याचे प्रकार बदलायची, बटणं दाबायला वाकावं लागत होतं. अरेंजरचा जीव पॅनेलवर असतो, तो झाकून काय उपयोग? शेवटी एल आकारात मांडणी ठरली, खुर्ची मध्ये. दिवाण तेवढा हलवावा लागला.

पीए७०० तुमच्याच ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना मिळाला. त्याच्या एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या तुम्ही आधी हलक्या आणि मग जोरकस बोटानं दाबून पाहिल्यात, तेव्हा तो विकणारा कंटाळून बाहेर जाऊन बसला होता. मिक्सरही घेऊ दिला नाहीत. कोर्गचा आऊट यामाहाच्या ऑक्स इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या खाचेत), झालं.

पहिल्याच गुरुवारच्या भजनात मी माती खाल्ली. सासूबाईंची गायची पट्टी काळी चार. ट्रान्सपोज कोर्गवर केला, यामाहावर विसरले. ठेक्यातला तानपुरा पांढरी एकमध्ये, पेटी काळी चारमध्ये आणि मध्ये सासूबाई. त्यांनी टाळ खाली ठेवून माझ्याकडे जे पाहिलं, ते तुम्हाला साभिनय करूनच दाखवेन. तेव्हापासून दोन्हींवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: '–४ दोन्हीकडे', म्हणजे पांढरी एकपासून चार अर्धस्वर खाली.

तुमची मोजायची टेप टीपॉयखाली सापडली. पाठवून देणार नाही. गुरुवारी साडेसातला भजन आहे, न्यायला या. आणि ती अर्धवट लावणी पूर्ण झालीय. ढोलकीच्या फिलमध्ये, म्हणजे ठेक्यामधल्या भरावात, काहीतरी खटकतंय, काय ते मला कळत नाहीये.

तुमची,
वह्या तपासता तपासता टेबलावर ठेका धरणारी