क्रेब्सचा ओबो आणि आल्टेनबुर्गचा ऑर्गन

लाइपझिग

प्रिय दादा आणि वहिनी,

दादा, तू फोनवर म्हणालास ना की चर्चमध्ये नुसता ऑर्गन घुमत असणार, त्यात तासभर बसून काय ऐकता तुम्ही, तर ते फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. परवा आल्टेनबुर्गला गेले होते, तिथल्या राजवाड्याच्या चर्चमध्ये ऑर्गन आणि ओबोचा कार्यक्रम होता. ओबोला सनईसारखीच दुहेरी पत्ती असते, आवाज मात्र बराच मवाळ.

सगळं संगीत योहान लुडविग क्रेब्सचं. १७१३ चा जन्म, थोर जर्मन संगीतकार बाखचा शिष्य, आणि याचे वडीलसुद्धा बाखकडेच शिकलेले, त्यासाठी गावाहून वायमारला चालत जायचे म्हणे! १७३५ मध्ये बाखने याला स्वतः शिफारसपत्र लिहून दिलं, तरी मोठ्या शहरातली मोठी नोकरी काही मिळाली नाही, त्स्विकाऊ, मग त्साइट्स, आणि शेवटी आल्टेनबुर्गला दरबारी ऑर्गनवादक, ते १७८० मध्ये मरेपर्यंत. पण ऑर्गन काय मिळाला बघ, ट्रोस्टने १७३० च्या दशकात बांधलेला, बाख स्वतः १७३९ मध्ये येऊन वाजवून गेलेला, आणि तो अजून वाजतोय.

आता गंमत अशी की त्या काळच्या जर्मन चर्चमधली ही भजनं, कोराल म्हणतात त्यांना, सगळ्यांना तोंडपाठ असायची. ‘वाखेट आउफ’ घे, १५९९ ला छापलेलं, क्रेब्सच्या वेळी दीडशे वर्षं जुनं. तो काय करतो, ऑर्गनवाल्याचा उजवा हात, डावा हात आणि पाय अशा तीन वेगवेगळ्या ओळी गुंफतो, आणि मूळ चाल काढून शेजारी उभ्या असलेल्या ट्रम्पेटवाल्याला किंवा ओबोवाल्याला देतो. तो एक ओळ वाजवतो, लांब लांब सुरात, मग गप्प. ऑर्गन आपला चालूच. मग पुढची ओळ. म्हणजे पाहुण्या वादकाला काम सगळ्यात कमी आणि थांबणंच जास्त, तरी सगळ्यांचे कान त्याच्याकडेच.

इथे लोक क्रेब्सला बाखची कॉपी म्हणतात, आणि त्याच्या मोठमोठ्या फ्यूगांबद्दल (फ्यूग म्हणजे एकच चाल वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात तशी रचना) मला ते थोडं पटतंही. पण या तुकड्यांत नाही. बाखने हेच ‘वाखेट आउफ’ आधी गायक आणि व्हायोलिनांसाठी केलं होतं, नंतर ते सगळं एकट्या ऑर्गनवर आणलं. क्रेब्स उलटा गेला, ऑर्गनमधली एक ओळ बाहेर काढून जिवंत माणसाच्या फुंकेला दिली. ऑर्गनचा सूर एकदा लागला की सपाट राहतो, ओबोवाला तोच सूर फुलवू शकतो, मिटवू शकतो. (तसा तो एकटाच नव्हता, मेर्सेबुर्गच्या काउफमानने त्याच्या आधी, १७३० च्या दशकात, ओबोसाठी असे तुकडे छापले होते, आणि ड्रेस्डेनचा होमिलियसही लिहायचा.)

तुझ्या पेटीच्या कामाची गोष्ट म्हणजे तेव्हा चर्चचे ऑर्गन चढ्या पट्टीत असायचे आणि ओबो-बासऱ्या उतरत्या पट्टीत, बहुतेक ठिकाणी एका पूर्ण सुराचा फरक. समज पेटी काळी दोनची आणि बासरी काळी एकची. म्हणून दोघांपुढचे कागद वेगळ्या पट्टीत लिहावे लागायचे, म्हणजे कानाला एकच ऐकू येतं. आणि मागे भाते दाबायला माणसं वेगळी, वीज कुठली तेव्हा!

क्रेब्सची एफ मायनरमधली फँटसी, म्हणजे मुक्त रचना, नक्की ऐक, ऑर्गन आणि ओबोचीच आहे, तिच्यात कोराल नाही, नुसतं संथ गाणं. हेडफोन लावून ऐक हं, मोबाईलच्या स्पीकरवर पायांचे खर्जातले सूर कळतच नाहीत आणि मग तू म्हणशील यात आहे काय.

बाकी इकडे ठीक, थंडी सुरू झालीये, वहिनीने दिलेला मेतकूट संपत आला. आल्टेनबुर्ग पत्त्यांसाठीही प्रसिद्ध आहे, स्काट नावाचा खेळ १८१० च्या सुमारास तिथेच सुरू झाला, म्हणून बाबांसाठी एक कॅट घेतलाय. पण त्यात ३२ च पानं आहेत, त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर रमीला बसतील आणि माझ्या नावाने शंख करतील.

तुमची,
ताई नव्हे, छोटीच